पहिल्या गाण्याआधी: नाव, फोटो आणि दादांची वही

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. सातवीत असताना शाळेच्या प्रार्थनेला पहिला सूर तोच लावायचा. आता रिसोडच्या बाजारात एका दुकानावर कामाला आहे, आणि केनवडच्या आसपास कुठेही मिलादचा जलसा असला की नात पढायला याला बोलावणे असते. मोबाइल पुढे करून म्हणाला, “सर, गाना तैयार है. जुम्मे को डालना है.” तो दिवस बुधवार होता.

गाणे म्हणजे एक मराठी हम्द. शब्द त्याच्या दादांचे, म्हणजे वडिलांच्या वडिलांचे. दादा सालदार होते, शिक्षण चौथीपर्यंत. पण वहीत लिहायचे, आणि तेही मराठीत, कारण शाळा मराठी होती. ती वही घरात ट्रंकेत होती. पोराने त्यातली एक हम्द निवडली, चाल लावली, वाशीमला एका छोट्या स्टुडिओत जाऊन फक्त दफच्या साथीने गायली. ऐकून आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग विचारले, “कुठे डालना है?” उत्तर आले, “सब जगह.”

या ‘सब जगह’च्या मागे काय काय असते, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. पुढचे दोन महिने आम्ही दोघे मिळून शिकलो. आपल्या घराघरांत आज नात, हम्द, कव्वाली, गझल, रॅप काहीतरी गाणारे एक तरी पोर आहे. म्हणून जे कळले ते इथे मांडतो आहोत.

पहिली गोष्ट अशी की स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन यांच्यावर गाणे यूट्यूबसारखे थेट चढवता येत नाही. मध्ये एक वितरक लागतो. डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोअर यांच्याकडे मुख्यतः वर्षाची फी भरावी लागते. सीडी बेबी दर गाण्याला एकदाच फी घेते आणि पुढे येणाऱ्या कमाईतला काही भाग ठेवते. वार्षिक फीच्या बाबतीत एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: पुढल्या वर्षी फी भरली नाही तर गाणे राहील की उतरेल? पुष्कळ ठिकाणी ते उतरते. दुकानावर काम करणाऱ्या मुलाने हा खर्च दरवर्षीचा धरूनच हिशेब करावा.

याच टप्प्यावर आमची एका ‘एजंट’शी गाठ पडली. दीड हजार रुपये द्या, दोन दिवसांत सगळीकडे गाणे दिसेल, असे तो म्हणाला. सोय वाटावी असेच बोलणे होते. आम्ही फॉर्म दाखवायला सांगितला. त्यात खाते त्याचे, ईमेल त्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा मालक या रकान्यात नावही त्याचेच! पोराने गायचे, दादांनी लिहायचे, आणि मालक कोण, तर ज्याने बटण दाबले तो. आम्ही चहा पाजून त्याला निरोप दिला.

मग स्वतःचे खाते उघडायला बसलो आणि पहिल्याच पायरीवर अडलो. ईमेल! पोराचा ईमेल मोबाइलच्या दुकानदाराने चार वर्षांपूर्वी काढून दिला होता, पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. हसू नका, आपापल्या घरी विचारून पाहा. नवा ईमेल काढला, पासवर्ड डायरीत लिहिला, डायरी दादींच्या ट्रंकेत गेली. पुढे सगळे याच ईमेलवर येते: कलाकाराचे पान, आकडे, पैसे. तो मित्राचा नको, दुकानदाराचा नको, आमचाही नको. स्पॉटिफायच्या कलाकार-विभागात एका पानावर अनेक जणांना अधिकार देता येतात. कोणी सर्व काही बदलू शकतो, कोणी फक्त मजकूर आणि फोटो, कोणी फक्त पाहू शकतो. मुख्य अधिकार पोराकडे ठेवला, आम्ही मजकूर तपासण्यापुरते आत गेलो.

आता नाव. खरे सांगायचे तर सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि जावा असेच आम्हाला वाटते. पोराचे नाव इथे देत नाही. एवढेच सांगतो की आमच्या हजेरीपटावर त्या नावाचे तीन विद्यार्थी एकाच वेळी बसत, आणि आम्ही त्यांना वडिलांच्या नावाने हाका मारत असू. स्पॉटिफायवर ते नाव शोधले, तर पानेच पाने! कोणी कुठला, कोणी कुठला.

शिवाय रोमन अक्षरांचा घोळ आहेच. ‘शेख’ कोणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कोणी एस-एच-ई-आय-के-एच, तर जुन्या कागदांवर नुसते ‘एस-के’. ‘मोहम्मद’चे तर चार-पाच प्रकार आम्ही एकाच वर्गात पाहिले आहेत. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पॅनकार्डावर तिसरे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आपल्या मुलांची जी दमछाक होते, तीच इथेही. फरक इतकाच की शाळेत बाबूला विनंती करता येते, इथे मशीन अक्षरे जुळवते. एक अक्षर बदलले की त्याच्या लेखी तो दुसरा माणूस, आणि अक्षरे तंतोतंत जुळली की परका माणूसही तोच.

नावाची ही काळजी नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गौहर जान यांची गाणी मुद्रित केली. त्या तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारायची. आज त्या जुन्या तबकड्या ऐकताना शेवटची ती हाक ऐकू येते. सव्वाशे वर्षांपूर्वी जे तोंडाने सांगावे लागे, ते आता फॉर्मच्या रकान्यात लिहावे लागते.

आपल्या मराठीतले उदाहरण शाहीर अमर शेख यांचे. बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांचा आवाज मैदाने भारून टाकायचा, ते १९६९ साली गेले. पण मेहबूब पटेल म्हणून त्यांना किती जण ओळखतील? कागदावरचे नाव वेगळे आणि लोकांच्या तोंडी बसलेले नाव वेगळे, यात लपवाछपवी काही नाही. गाणाऱ्याचे नाव त्याने स्वतः निवडावे आणि मग तेच धरून ठेवावे. बँकेचे खाते, पॅन मात्र कागदावरच्या नावाने. फॉर्ममध्ये हे दोन वेगळे रकाने असतात, त्यांची गल्लत करू नये.

पोराने आधी नावापुढे ‘ऑफिशियल’ आणि मागे ‘नातखान’ जोडायचे ठरवले होते. पहिला शब्द आम्ही काढायला लावला, तो शोभत नाही आणि वितरकही सहसा स्वीकारत नाहीत. ‘नातखान’बद्दल त्याने स्वतःच विचार केला: उद्या गझल गावीशी वाटली तर? शेवटी स्वतःच्या नावापुढे ‘केनवडी’ लावले. पूर्वीचे शायर गावाचे नाव लावत, त्यात नवल नाही. शोधून पाहिले, त्या नावाचे दुसरे कोणीही निघाले नाही. यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवरही तेच नाव त्याच दिवशी घेऊन ठेवले. गावाचे नाव वहीवर लिहिलेले पाहून दादी म्हणाल्या, “अब गाँव की भी इज्जत संभालना.”

एवढे करूनही चूक झालीच. वितरकाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: हा कलाकार आधीपासून या सेवेवर आहे का? असेल तर यादीतून निवडा, नसेल तर नवे पान करा. पोराने हा भाग आमच्या अपरोक्ष रात्री अकराला भरला आणि यादीत वरचे, अर्धे जुळणारे नाव दाबून मोकळा झाला. दोन दिवसांनी फॉर्म पुन्हा उघडला, तर दादांची हम्द कुठल्याशा परदेशी गायकाच्या पानाला जोडलेली. त्या पानावर नाचाची गाणी, आणि फोटोतल्या गृहस्थांनी सदरासुद्धा घातलेला नव्हता. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “सर, दादी को मत बताना.”

गाणे अजून बाहेर यायचे होते, म्हणून बचावलो. वितरकाला लिहिले, ‘नवे पान करा’ हा पर्याय निवडून दुरुस्ती झाली. गाणे आल्यावर असे घडले असते तरी सुधारता येते. चुकीच्या पानावर गेलेल्या गाण्याची तक्रार नोंदवायची सोय स्पॉटिफायच्या कलाकार-विभागात आहे. पण तोवर लोकांनी पाठवलेल्या लिंका, ऐकलेले आकडे सगळेच विस्कटते. बुधवारी ठरवून शुक्रवारी टाकले असते, तर काय झाले असते, हे मुलाला वेगळे सांगावे लागले नाही.

पहिल्या गाण्याचे पान कलाकार स्वतः काढत नाही, हेही आम्हाला तेव्हाच कळले. वितरक गाणे पोचवतो तेव्हा ते आपोआप तयार होते. त्यानंतर ‘हे पान माझे आहे’ असे सांगून ताबा घ्यायचा. गाणे पोचले असेल तर हा ताबा प्रकाशनाच्या तारखेआधीही मिळतो. म्हणून गाणे चार आठवडे आधी पाठवावे असे आमचे मत झाले. आणखी एक कारण आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे न आलेले गाणे यादीत घेण्यासाठी विनंती करता येते. तारखेच्या निदान सात दिवस आधी ती केली, तर ते घेवोत न घेवोत, जे तुमचे पान फॉलो करतात त्यांच्या नव्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत तुमचे गाणे पोचते. एका वेळी एकाच गाण्याची विनंती चालते. गाणे येऊन गेल्यावर मात्र ही खिडकी बंद.

आपल्याकडे तारखेचा आणखी एक पेच. पोराला हम्द रबीउल अव्वलच्या आधी यायला हवी होती. चांदाचे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. मिलाद २०२४ साली १६ सप्टेंबरला होती, २०२५ साली ५ सप्टेंबरला. वितरकाच्या फॉर्मला मात्र इंग्रजी तारीखच कळते, आणि ती महिनाभर आधी द्यावी लागते. चाँद दिसण्याची वाट पाहत बसले तर वेळ निघून जातो.

फोटोचे काम त्या मानाने सोपे, पण मजेचे. पोराने आणलेल्या फोटोत काळा चष्मा, मागे कोणाची तरी मोटार, आणि चेहरा अॅपने इतका उजळलेला की आईनेही ओळखला नसता. गाण्याच्या कव्हरवर त्याने मशिदीचे चित्र, स्वतःचा फोटो, स्टुडिओचा लोगो आणि खाली ‘प्रोग्रामसाठी संपर्क’ म्हणून मोबाइल नंबर टाकला होता. जलशाच्या पोस्टरवर हे सगळे चालते. इथे नाही. कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट, इन्स्टाग्रामचे नाव, किंमत काहीही असले की गाणे परत येते. कव्हर चौकोनी हवे, बहुतेक वितरक ३००० बाय ३००० पिक्सेल सांगतात. शेवटी शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सकाळी आठच्या उन्हात पांढऱ्या कुर्त्यात फोटो काढला, आणि कव्हरसाठी दादांच्या वहीचे पान. त्यांचे अक्षर तिरके, पण टपोरे आहे.

आवाजाची फाइल व्हॉट्सअॅपवरून आणू नये, ती दाबली जाते. स्टुडिओतून ‘वेव्ह’ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दोन ठिकाणी जपावी. अॅपचा काय भरवसा? रेसो २०२४च्या जानेवारीत भारतात बंद झाले, विंकही त्याच वर्षी बंद झाले. आपली मूळ फाइल आपल्यापाशी असली म्हणजे झाले.

पानावरच्या परिचयासाठी स्पॉटिफायवर १५०० अक्षरांची जागा आहे. पोराने लिहिले होते, ‘विदर्भाचा उभरता सितारा, लाखो दिलों की धडकन.’ आमच्या लाल पेनाला बऱ्याच दिवसांनी काम मिळाले. लाखो कुठले? जलशाला फार तर चारशे माणसे असतात. मग त्यालाच समोर बसवून प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातले केनवड. वडिलांचे काम सोयाबीन-तुरीच्या शेतात. नात शिकला मकतबच्या मौलवीसाहेबांकडून आणि दादींच्या गुणगुणण्यातून. हे गाणे दादांच्या वहीतले. बस, एवढेच लिहिले. पहिली दोन वाक्ये इंग्रजीत, कारण बाहेरचे वाचणारही असतील, बाकी मराठीत. लिहिताना एक अडचण आली: दादांच्या एका कागदावर ‘जिल्हा अकोला’ असे आहे. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला, त्याआधीचा कागद तो. पोराला हे माहीतच नव्हते.

आणि मग तो रकाना आला: गीतकार. पोराने तिथे स्वतःचे नाव टाकले होते. वाईट हेतू नव्हता. रकाना भरायचा म्हणून भरला. त्या दिवशी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. फॉर्म मोठ्याने वाचत होतो. दादी सुपारी कातरता कातरता थांबल्या. “मास्टर, लिखनेवाले में किसका नाम बोले?” आम्ही सांगितले. त्या पोराकडे बघत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. पोराने तिथल्या तिथे नाव बदलले.

पण नाव बदलल्याने प्रश्न संपला नव्हता. दादांचे निधन २०११चे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांवरचा हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणजे २०७१ सरेपर्यंत. दादांनी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा तो हक्क वारसांचा. शेत, घर, बैल यांचा हिस्सा असतो हे आपल्याला कळते. वहीतल्या ओळींचाही असतो, हे कोणाच्या मनातही येत नाही. दादी आहेत, अब्बा आहेत, चाचा आहेत, आणि मेहकरला दिलेली फूफी आहे. दादींचा आठवा हिस्सा, मुलीचा मुलाच्या निम्मा, हे दादींनी बोटांवर लगेच मोजून दाखवले. आम्ही एका कागदावर साध्या भाषेत मजकूर लिहिला: ही हम्द अमुक यांनी लिहिली, आम्ही तिचे वारस, ती गाऊन प्रकाशित करायला नातवाला परवानगी देतो, गीतकार म्हणून त्यांचेच नाव राहील, पैसे आले तर असे वाटले जातील. परवानगी लेखी असावी असे कायदाही म्हणतो.

पैशांचे म्हणाल, तर फारशी आशा ठेवू नये. २०२४पासून स्पॉटिफायवर जे गाणे मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकले गेले नाही, त्याला काहीच मिळत नाही. हे सांगितल्यावर चाचांनी हसतच सही केली. गीतकार आणि संगीतकारांसाठी १९६९पासून आयपीआरएस ही संस्था आहे, तिचे सदस्य होता येते. तिचा अर्ज आम्ही अजून भरलेला नाही.

दादींचा आणखी एक प्रश्न होता, आणि तो आम्हाला आजही टोचतो. फुकट ऐकणाऱ्याला मध्ये जाहिराती लागतात, आणि एक गाणे संपले की अॅप आपल्या मनाने दुसरे लावते. “हम्द के पीछे क्या बजेगा, मालूम नहीं ना?” खरेच माहीत नाही, आणि ते कलाकाराच्या हातातही नाही. कोणाला हे पटणार नाही, त्यांनी गाणे यूट्यूबवरही टाकू नये, कारण तिथेही तेच. पोराने विचार करून टाकायचे ठरवले. आम्ही त्यात पडलो नाही.

यूट्यूबबद्दल थोडक्यात. वितरकामार्फत गाणे गेले की तिथे कलाकाराच्या नावाचे एक पान आपोआप तयार होते, त्याच्यापुढे ‘टॉपिक’ असे लिहिलेले असते. आपले स्वतःचे चॅनेल आणि हे पान नंतर एकत्र करून घेता येते. बहुतेक वितरक ते काम करून देतात.

फूफीची सही राहिली होती. एका रविवारी पोरगा तिच्याकडे मेहकरला गेला. तिने आधी गाणे ऐकले, दोनदा. मग विचारले, “चौथा बंद कहाँ है?” गाणे लांबते म्हणून पोराने वहीतले चौथे कडवे गाळले होते. फूफीला ते पाठ होते. लहानपणी तापात दादा तिला तेच म्हणून दाखवायचे. तिने कागद घडी करून परत दिला: आधी गा, मग सही.

आता पुन्हा वाशीमला जायचे आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो, आणि ध्वनिमुद्रण बदलले की क्रमांकही नवा लागतो. जुने गाणे वितरकाकडून मागे घेतले आहे, तारीख पाच आठवडे पुढे ढकलली आहे. मिलाद हुकली. स्टुडिओवाल्याने येत्या शनिवारची वेळ दिली आहे, आणि फूफीने सांगितले आहे की तीही येईल.